भाऊसोचा पक्षी

आमच्या गावात खोटं बोलणाऱ्याला कुणी खोटारडा म्हणत नाही. 'भाऊसोचा पक्षी' म्हणतात. एखाद्यानं पारावर बसून सांगितलं, की यंदा एकरी सव्वाशे टन ऊस पडला, की ऐकणारा मान डोलावून एवढंच म्हणतो, "भाऊसोचा पक्षी." सांगणारा मुकाट तंबाखू मळायला लागतो. वाळवा तालुक्यातली आसपासची चार गावं हा शब्द वापरतात आणि त्यातल्या निम्म्या लोकांना भाऊसो कोण हेसुद्धा माहीत नाही. मला माहीत आहे. भाऊसो माझे सासरे.

सासरे, म्हणजे आमचे आबा, सैन्यातून सुभेदार होऊन निवृत्त झाले. तरुणपणी त्यांची पलटण जैसलमेरकडच्या वाळवंटात होती. तिथं एका सकाळी त्यांनी माळढोक पाहिला. कमरेएवढा उंच, पांढरी लांब मान, डोक्यावर काळी टोपी, आणि चाल अशी की पाटील शिवार बघायला निघालाय. रजेवर आल्यावर त्यांनी हे पारावर सांगितलं. त्या काळी गावात कोंबड्यापेक्षा मोठा पक्षी म्हणजे मोर, आणि कमरेएवढं म्हणजे शेरडू. लोक जे हसायला लागले ते चाळीस वर्षं झाली तरी थांबलेले नाहीत.

गाव हसलं तर हसू दे. पण सगळ्यात आधी हसायच्या त्या आमच्या सासूबाई, साळूबाई. घरात पाहुणा आला, आबांनी सैन्यातली गोष्ट काढली, की स्वयंपाकघरातून आवाज यायचा, "आला बगा पक्षी." पाहुणा हसायचा, सासूबाई हसायच्या, आबा चहाचा कप खाली ठेवायचे. मी नवीन लग्न होऊन आले तेव्हा मीही हसले होते, सासरी सगळे हसतात तर आपण का मागे राहायचं म्हणून.

आता माझे यजमान. नाव राजवर्धन. उसाच्या रोपांची नर्सरी, दोन ट्रॅक्टर, आणि गावच्या सोसायटीच्या निवडणुकीत उभं राहायची जुनी खाज. यंदा ऊस वेळेवर कारखान्याला गेला आणि यांनी सात जण बसतील अशी गाडी घेतली. गाडी घेतली की ती कुठंतरी न्यावी लागते. यांचा चुलतभाऊ वीरधवल मागच्या वर्षी बालीला जाऊन झोपाळ्यावर बसून फोटो काढून आला होता. तेव्हापासून यांच्या पोटात तो झोपाळा हलत होता.

"आपुन डेझर्टला जायाचं," एका जेवणावर यांनी जाहीर केलं. "गाडीनं. राजस्थान. वीरधवलला म्हनावं, इमानात बसून कोन बी जातंय."

आबांचा घास हातातच राहिला. ते म्हणाले, "जैसलमेरला एक वनखात्याचं रान हाय. राष्ट्रीय उद्यान. तितं मला एक सकाळ पायजे. बाकी तुमी कुटं बी फिरा."

"एक का आबा, दोन सकाळी घ्या."

"एकच. पर उजाडायच्या वक्ताला. ऊन चढलं की तो गवतात बसतोय, मग दिसत न्हाई." मग सासूबाईंकडे न बघता ते पुढं म्हणाले, "आन ही बी येनार."

सासूबाई हसल्या नाहीत, कारण तोंडात भाकरी होती. पण मला समजलं. आबांना पक्षी पुन्हा बघायचा नव्हता. त्यांना तो बायकोला दाखवायचा होता. सत्तरी ओलांडली, एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, दुसरा वाटेवर आहे. पुढच्या वर्षी दाखवणाऱ्यालाच दिसलं नाही तर काय करायचं? एवढं सगळं त्या एका सकाळवर अवलंबून होतं.

प्रवासाचा बेत यांनी आखला म्हणजे माझ्या माहेरची माणसं मोजली. माझं माहेर खानापूर तालुक्यात, विट्याच्या पलीकडं. आमच्याकडं एकेकाळी पाऊस नव्हता, म्हणून घरटी एक माणूस सोनं-चांदी गाळायच्या धंद्याला बाहेर पडला. गलाई म्हणतात त्याला. आज हिंदुस्थानातलं असं एक सराफ बाजाराचं गाव दाखवा, जिथं आमच्या तालुक्यातला माणूस मुशीपुढं बसलेला नाही. यजमानांनी लग्नापासून आजवर माझ्या माहेराला 'दुष्काळी भाग' यापलीकडं नाव दिलं नव्हतं. आता मात्र वही काढून बसले आणि विचारलं, "पूजा, सुरतला तुजा कोन हाय गं? मावसभाऊ ना? चांगला मानूस हाय तो."

अशा रीतीनं आम्ही निघालो. पोरं परीक्षेमुळं मागं राहिली. गाडीत आम्ही चौघं, भाकऱ्यांचं गाठोडं, शेंगदाण्याची चटणी, आणि कृष्णेच्या पाण्याचे दोन कॅन, कारण सासूबाईंना दुसऱ्या नदीचं पाणी सोसत नाही.

सुरतला मावसभाऊ, पालनपूरला भावकीतले काका, बाडमेरला वहिनीचा भाऊ. प्रत्येक घरात तोच ग्रामदैवताचा फोटो, तीच विट्याहून आलेली चटणी, तोच मटणाचा तांबडा रस्सा आणि तोच प्रश्न, "आपल्याकडं पानी आलं म्हनत्यात, खरं का?" सगळा गुजरात उभा ओलांडला, पण आम्ही ढोकळा पाहिला नाही. निघताना प्रत्येक घरी आबांना आणि यांना टॉवेल-टोपी, आम्हा दोघींना साडी. आमच्याकडचा रिवाजच तो, पाहुणा रिकाम्या डोक्यानं परत जाता कामा नये. आधीची टोपी काढून ठेवणं म्हणजे देणाऱ्याचा अपमान, म्हणून आबा एकावर एक घालायला लागले. बाडमेर सोडताना त्यांची उंची बोटभर वाढली होती.

जैसलमेरला धुळा होता. माझ्या माहेरच्या गावचा, मेंढरं राखणाऱ्या घरातला. त्याचे वडील माळावर मेंढरं घेऊन हिंडले, आणि धुळा मात्र गेली वीस वर्षं जैसलमेरच्या पेठेत चांदी गाळतोय. मला बघून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. पण आमचा बेत ऐकल्यावर तो बुचकळ्यात पडला.

"पूजाताई, त्या रानात काय न्हाई. माळ हाय नुसता. म्या वीस वर्सांत गेलो न्हाई. माळ बगायला एवढं डिझेल जाळलंसा?"

"मामंजींना एक पक्षी बघायचाय," मी म्हणाले.

"मग सकाळी पाचाला निगू," धुळा म्हणाला. परवाना त्यानंच काढून आणला. आबांनी त्या संध्याकाळी बूट पुसले.

पहाटे आबा गाडीत जाऊन बसले. अंगात जुना खाकी स्वेटर, डोक्यावर टोप्या. मी सासूबाईंना उठवलं, यजमानांना दोनदा उठवलं, आणि स्वयंपाकघरात डोकावले तर धुळाची बायको मनुबाई पुरण वाटत बसलेली.

"वहिनी, हे काय?"

"तुमी पयल्यांदा आमच्या दारात आलायसा. म्हायेरवाशीण सवाशीण उपाशी उंबरा ओलांडून जानार? माजी सासू गावाकडं बसून मला काय म्हनंल?"

मी समजावलं. सासूबाईंनी समजावलं नाही, कारण मनुबाई बरोबर होती. आमच्या मुलखात पुरणाला नाही म्हणणं म्हणजे सात पिढ्यांचं वैर. यजमान तर उठून पाटावर बसलेही होते. एक पोळी, दुसरी पोळी, वर दुधाची वाटी, मग कटाची आमटी निवली म्हणून पुन्हा गरम. मी दोनदा बाहेर जाऊन आले. आबा समोरच्या काचेतून पूर्वेकडं बघत बसले होते. दुसऱ्यांदा गेले तेव्हा आभाळ तांबूस झालं होतं. मी म्हणाले, "आबा, तुम्ही दोन घास खाऊन घ्या." ते म्हणाले, "खा म्हनावं सावकाश." त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि त्यामुळं मला स्वतःचाच राग आला. शेवटी मनुबाई ताट घेऊन गाडीपाशी आली तेव्हा त्यांनी ते मांडीवर घेतलं आणि एक पोळी संपवली. मनुबाईचं मन त्यांनीसुद्धा मोडलं नाही.

उद्यानाच्या फाटकाशी पोचलो तेव्हा ऊन चांगलं चढलं होतं. तिथला वनखात्याचा चौकीदार, मिशाळ आणि मोजकं बोलणारा, आबांच्या टोप्यांकडं बघून क्षणभर थांबला. त्यानं सांगितलं, गाडी रस्त्यावरच ठेवा, गाणी लावू नका, पुढं एक टेहळणीची झोपडी आहे तिथं बसा, आवाज नको. नशिबात असेल तर दिसेल.

चौकीदाराला बरोबर घेऊन आत शिरलो. दोन्ही बाजूंना पिवळं गवत, मधूनच बोरीची झुडपं, खडे, आणि क्षितिजापर्यंत काही नाही. यजमानांनी गाडी थांबवली. चेहरा पडलेला.

"डेझर्ट कुटाय?" त्यांनी विचारलं. "वाळू कुटाय? हा तर पूजाच्या म्हायेरचा माळ हाय."

मी म्हटलं, "मग दुष्काळी भाग बघायला पैसे पडले म्हणायचे."

धुळा खुशीत आला. "म्या काय सांगत हुतो?"

यजमानांनी खाली उतरून मूठभर माती उचलली, चुरगाळली, हुंगली. त्यांच्यातला ऊसवाला जागा झाला. चौकीदाराला त्यांनी आपल्या हिंदीत विचारलं, "ये सब पडीक रख्या है? एक कॅनल लाव्या तो एकरी ऐंशी टन निकलेगा."

"साहब, कॅनल आया तो पक्षी जाएगा," चौकीदार म्हणाला.

"पक्षी एकरी कितना पडता है?" यांनी विचारलं. चौकीदारानं झोपडीकडं बोट दाखवलं.

झोपडीत आम्ही बसलो. आबांनी डोळ्यांवर हात धरून गवत बघायला सुरुवात केली. सासूबाई भिंतीला टेकल्या, त्यांनी पिशवीतून पान काढलं. पंधरा-वीस मिनिटं गेली असतील. यजमानांची पी हळद अन् हो गोरी अशी गत. त्यांनी आधी घड्याळ पाहिलं, मग मोबाईल, मग मला.

"इतनं वाळूच्या टेकड्या जवळ हायत म्हनतोय धुळा. उंट बी हायत. तासाभरात जाऊन येऊ. आबा, आईला घेऊन बसा तुमी."

"तुम्ही जा," मी म्हणाले.

"आन व्हिडिओ कोन काडनार? धुळाचा हात कापतोय."

मी गेले. लग्नाला पंधरा वर्षं झाली की माणूस कशाला नाही म्हणायचं हे विसरतं. टेकड्यांवर वाळू होती, वाळूपेक्षा माणसं जास्त होती. यजमान उंटावर बसले, उंट उठला, यांचा गॉगल पडला, तो वाळूत सापडेना, सापडल्यावर पुन्हा बसले कारण पहिल्या व्हिडिओत गॉगल नव्हता. मग भगवा फेटा भाड्यानं घेऊन एक व्हिडिओ, फेट्याशिवाय एक, मग धुळालाही बसायचं होतं. तासाचे तीन तास झाले.

परत आलो तर झोपडीत शांतता. चौकीदार बाहेर बसून हसत होता. हसताना त्याच्या मिशा कशा दिसतात ते तेव्हा कळलं. "माताजी ने देख लिया," तो म्हणाला.

सासूबाई आबांच्या शेजारी बसल्या होत्या. शेजारी म्हणजे अगदी खेटून. पंधरा वर्षांत मी त्यांना तसं बसलेलं पाहिलं नव्हतं. पान हातातच होतं, खाल्लेलं नव्हतं.

"काय झालं?" मी विचारलं.

"दिसला," सासूबाई म्हणाल्या. मग जरा थांबून, "एवढ्या उनात बी गवतातनं उठला तो. आदी मला शेरडूच वाटलं. म्या हसायला तोंड उगडलं हुतं, सवयीनं. तवर त्येनं मान वर केली. पांढरी. अशी. आन मग चालाय लागला गं. खरंच पाटलावानी. ह्या झुडपापस्नं त्या झुडपापतोर. आमच्याकडं एकदा बगितलं त्येनं."

"फोटो काडला का?" यजमानांनी विचारलं.

"हात हलत नव्हतं माजं."

"मग काय उपेग," यजमान म्हणाले, आणि गाडी सुरू करायला गेले. आबांनी डोक्यावरच्या सगळ्या टोप्या एकदम काढल्या आणि टक्कल पुसलं. त्यांचा चेहरा मी तेव्हा पाहिला आणि मला रडू आलं. तिथं असायला हवं होतं मी, उंटामागं नव्हे.

परत येताना गाडीत सासूबाई खिडकीतून प्रत्येक माळ बघत होत्या.

गावात पोचल्यावर यजमानांनी मळ्यात रश्श्याचं जेवण घातलं. निमित्त सहलीचं, डोळा निवडणुकीवर. सगळा पार आला, बायकामंडळी एका बाजूला. सोसायटीचे जुने अध्यक्ष लालासाहेब खुर्चीवर, बाकीचे सतरंजीवर. यांनी मोबाईलवर उंटाचा व्हिडिओ फिरवला. वीरधवलनं तो पाहिला, बोट लावून मागं-पुढं केला आणि म्हणाला, "उंट व्हय? सांगलीत मिरवणुकीत बी असतोय की. त्यासाटी एवढं लांब?"

लोक हसले. यजमानांचा चेहरा मी बघितला आणि मला कळलं, आता हे काहीतरी बोलणार. उचलली जीभ लावली टाळ्याला, हा त्यांचा जन्मजात गुण.

"उंटाचं सोड," ते उभे राहिले. "माळढोक बगितला आमी. एक न्हाई, सात. एक तर हात लावावा एवढ्या जवळ. तितलं सायब बी म्हनालं, तुमच्यासारका नशीबवान मानूस आला न्हाई. मंडळी, चाळीस वर्सं आपुन आमच्या आबांना हसलो. आज म्या सगळ्यांच्या म्होरं सांगतो, आबा खरं बोलत हुतं."

हे बोलणारा माणूस दोन ट्रॅक्टरवाला, नव्या गाडीवाला. त्याला कोण खोटं म्हणेल? कोंडीबानं, आबांच्या बरोबरीच्या म्हाताऱ्यानं, हातातला घास खाली ठेवला. लालासाहेब खुर्चीतून उठले, आबांच्या पुढं आले आणि हात जोडले.

"भाऊसो, चुकलं गड्या आमचं. आजपस्नं तो शबुद गावात बंद. कुनी काडला तर माज्याशी गाठ."

टाळ्या वाजल्या. चाळीस वर्षं जे मिळालं नव्हतं ते फुकट पुढ्यात येऊन पडलं होतं. आबांनी फक्त मान हलवायची होती. मी मनात म्हणत होते, हलवा आबा, एकदाच हलवा, कुणाचं काय जातंय.

आबा उठले. सुभेदार उभा राहतो तसे सरळ उभे राहिले.

"लालासाहेब, थांबा," ते म्हणाले. "ह्येनं काय बगितलं न्हाई. हा उंटावर हुता. सात बी न्हवतं, एकच हुता. हात लावायएवढा जवळ बी न्हवता. म्या बगितला, आन हिनं बगितला."

मग कोंडीबानं घास पुन्हा उचलला आणि म्हणाला, "मंजी पोरगं बापावरच गेलं म्हना की."

हशा असा उठला की उसातले कावळे उडाले. लालासाहेब हसत हसत खुर्चीवर परतले. यजमान रश्श्याच्या पातेल्याकडं गेले आणि बराच वेळ पळी शोधत राहिले. त्या गोंधळात बायकांच्या बाजूनं सासूबाई उभ्या राहिल्या. पदर खांद्यावर घट्ट ओढून घेतलेला.

"म्या बगितलाय," त्या म्हणाल्या. "माज्या डोळ्यांनी."

कोंडीबानं हसता हसता डोळे पुसले. "वैनी, तुमी बी? आता जोडी झाली म्हनायची."

पुन्हा हशा. आणि बायकांमध्येही. सासूबाई उभ्याच होत्या. त्यांनी एकेक चेहरा पाहिला. ते हसू त्यांना चांगलं ओळखीचं होतं, त्यांनीच ते गावाला शिकवलं होतं. मग त्या खाली बसल्या आणि त्यांनी जेवण पानातच ठेवलं.

घरी आल्यावर यजमान तणतणत झोपायला गेले. त्यांच्या मते बापानं मतं घालवली. मी भांडी लावत होते. सोप्यात आबा खाटेवर आणि सासूबाई खाली उंबऱ्याला टेकून बसल्या होत्या. सासूबाईंनी विचारलं,

"आवं, एवढी वर्सं तुमी कसं सोसलं वो?"

"गावाचं काय वाटलं न्हाई," आबा म्हणाले. "तू हसायचीस तेवढं लागायचं."

सासूबाईंनी चष्मा काढला, पदराला पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला. माफी मागायची त्यांना कधी सवय नव्हती.

"मान लय लांब हुती न्हाई त्याची?" त्या शेवटी म्हणाल्या.

"व्हय," आबा म्हणाले. "लय."